डॉल्फिन दिसले नाहीत तर?

मुलांना घेऊन समुद्रसफरीला जायचे ठरले की चौकशी करताना मी आता एकच प्रश्न आधी विचारते: डॉल्फिन दिसले नाहीत तर तुम्ही काय करता? ‘पैसे परत देतो’ असे उत्तर आले की मी त्या बोटीचा नाद सोडते. घरच्यांनी यावरून मला विक्षिप्त ठरवले आहे, कारण गिऱ्हाइकाला याहून सोयीचे उत्तर दुसरे कोणते असणार! पण पैसे परत करावे लागण्याची धास्ती असलेला बोटवाला प्राण्यांमागे बोट पिटाळतोच, हे मी एकदा स्वतः बोटीत बसून पाहिले आहे.

त्या वेळी माझी नऊ वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा भाचा बरोबर होते. पाण्यावर तीन-चार पाठी दिसल्या, त्यांतली एक अगदी लहान होती. क्षणात चार बोटी चार बाजूंनी तिकडे वळल्या, आणि पाठी जिथे जिथे वर येत तिथे तिथे इंजिने गुरगुरत पोहोचू लागली. बोटीत आरडाओरडा, हातात उंचावलेले फोन, आणि दहा मिनिटांत सगळे संपले. परतताना लेकीने विचारले, “ते आपल्याला भिऊन पळत होते का?” मी काहीतरी गुळमुळीत बोलले, पण उत्तर ‘हो’ असेच होते.

नंतर वाचल्यावर त्या गोंगाटाचा अर्थ अधिक कळला. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. डॉल्फिन स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे हुडकतो आणि शिट्ट्यांनी आपल्या सोबत्यांशी संपर्क ठेवतो. चार इंजिनांच्या घरघरीत त्याचे शोधणे आणि ऐकणे दोन्ही अवघड होते. म्हणूनच न्यूझीलंडमध्ये १९९२ च्या नियमांनुसार सागरी सस्तन प्राण्यांच्या ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटींना मज्जाव आहे, आणि ऑस्ट्रेलियात देवमाशापासून १०० मीटर व डॉल्फिनपासून ५० मीटर अंतर राखण्याचे राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. डॉल्फिन आपणहून बोटीजवळ आले आणि पुढच्या टोकाशी उसळणाऱ्या पाण्यावर खेळू लागले, तर ती त्यांची मर्जी. अशा वेळी बोटीने वेग व दिशा न बदलता सरळ जात राहावे.

दुसऱ्या खेपेला मिळालेली बोट लहान होती आणि तिच्यावरच्या मार्गदर्शक बाईंनी माझ्या प्रश्नाला दिलेले उत्तर मला फार आवडले: “मग जाळी जरा जास्त वेळ ओढतो.” कसली जाळी, ते बोटीवर कळले. निघण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक मुलाचे लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहिले. भाच्याचे हनुवटीच्या वर सरकले, तेव्हा ते बदलून लहान मापाचे दिले आणि त्याचा पायांमधून जाणारा पट्टा आवळला. मग दिशा सांगण्याची पद्धत समजावली, म्हणजे बोटीचे पुढचे टोक बारा, उजवा हात तीन, मागची बाजू सहा. थोड्या वेळाने त्या ओरडल्या, “तीन वाजता पाहा, सुरय पक्षी बुड्या मारताहेत!” त्यावर भाचा माझ्या मनगटाकडे बघून कुरकुरला, “आत्या, आत्ता तर साडेनऊच वाजलेत.” पक्षी बुड्या मारतात तिथे छोटे मासे पृष्ठभागाजवळ आलेले असतात आणि त्यांच्यामागे मोठे प्राणी असण्याची शक्यता असते, हे कळल्यावर दोघेही पाण्याऐवजी आकाशाकडे पाहू लागले.

ती जाळी म्हणजे अतिशय बारीक विणीच्या कापडाचे नरसाळे, आणि त्याच्या टोकाला बांधलेली बाटली. बोट अगदी सावकाश चालवून त्यांनी ती पाच मिनिटे ओढली. बाटलीत आले ते नुसते गढूळसर पाणी, आणि मुलांची निराशा लपत नव्हती. पण ते बशीत ओतून भिंगाखाली धरताच त्यात टाचणीच्या डोक्याहून लहान जीव झटके देत उड्या मारू लागले. त्यांतल्या एकाला मोठे काळे डोळे आणि पाठीवर काटा होता. तो खेकड्याची अळी आहे, यावर भाच्याचा विश्वासच बसेना, कारण त्यात खेकड्यासारखे काहीच नव्हते. भिंगातूनही न दिसणाऱ्या वनस्पतिप्लवकांबद्दल, म्हणजे पाण्यात तरंगत उन्हावर अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांबद्दल, बाईंनी फक्त एवढे सांगितले की पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातून येतो आणि त्यातला बहुतेक त्यांचा असतो. बशीतले पाणी शेवटी समुद्रात परत ओतले. ते ओतण्याच्या मानासाठी दोघांत थोडी झटापट झाली, ती मी वगळते.

त्यानंतर आली पांढरी तबकडी. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशीच तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. ती पद्धत आजही वापरात आहे, कारण तिला दोरी आणि डोळे यांपलीकडे काहीच लागत नाही. दर मीटरला गाठ मारलेली दोरी सोडत जायची आणि तबकडी दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. लेकीचे उत्तर साडेसहा मीटर आले, भाच्याचे सात. कोणाचे बरोबर, असा वाद सुरू झाला तेव्हा बाईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि समोर दोघांची नावे घातली.

डॉल्फिन त्या दिवशी दोनदा दिसले, तेही लांबून. इंजिन बंद होते, म्हणून त्यांच्या श्वासाचा ‘फुस्स’ असा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला.

एक व्यवहाराची गोष्ट. बोट लागण्याचा त्रास असेल तर बोटीच्या मध्यभागी बसावे, क्षितिजाकडे पाहावे आणि फोन खिशात ठेवावा; आतला कान ‘हलतोय’ म्हणतो आणि फोनवर खिळलेले डोळे ‘स्थिर आहे’ म्हणतात, त्या विसंवादातून मळमळ सुरू होते.

पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र मी बोटीवर नेणारच नाही. त्यांच्यासाठी खडकाळ किनाऱ्यावरची ओहोटी पुरेशी आहे, त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत दूर हटते आणि एरवी बुडालेली डबकी उघडी पडतात. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी बेताची असण्याच्या, दिवसांत तेवढे दिसत नाही. पाणी परत फिरण्याची वेळ आधी पाहून ठेवावी, आणि तारामासा फोटोसाठी पाण्याबाहेर काढू नये. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा, हेही अशाच एका ओहोटीला गेलो तेव्हा आम्ही ठरवले होते, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात सुकून मरतात. भाच्याने एक दगड उलटा ठेवला, वीसेक पावले पुढे गेल्यावर त्याला ते आठवले, आणि आम्ही तिघेही तो दगड शोधायला मागे फिरलो.