सेल्फ नंतर नव्हे, पहिल्याच दिवशी

सदाशिव पेठेत संध्याकाळी माझ्याकडे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येणाऱ्या मुलांना क्लास (साचा) आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली वस्तू) यांतला फरक लवकर उमगतो; गाडी अडते ती मेथडच्या, म्हणजे ऑब्जेक्टने करायच्या कामाच्या, व्याख्येत लिहिलेल्या ‘सेल्फ’ या शब्दापाशी. ‘सध्या लिहून टाका, पुढे कळेल’ असे त्यांना बहुतेक ठिकाणी सांगितलेले असते. मला हा सल्ला घातक वाटतो, कारण मेथड कॉल होते (चालवायला बोलावली जाते) म्हणजे नेमके काय घडते, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

बाहेरगावाहून आलेल्या या मुलांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे मेसचे कार्ड. गावी जाताना आधी कळवले की खाडा धरला जातो आणि कार्डाची मुदत तितक्या दिवसांनी वाढते. मेसकार्ड नावाच्या क्लासमध्ये आपण लिहितो: ‘डेफ खाडा(सेल्फ, दिवस):’ आणि त्याखाली, थोडे आत सरकवून, ‘सेल्फ.मुदत = सेल्फ.मुदत + दिवस’. (पायथॉन ३ मध्ये क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांची नावे खरोखरच देवनागरीत देता येतात; डेफसारखे राखीव शब्द मात्र रोमन लिपीतच टंकावे लागतात.) ही व्याख्या वाचली जाते तेव्हा कोणाचीही मुदत वाढत नाही. पायथॉन फक्त एक फंक्शन (नाव दिलेला सूचनांचा संच) तयार करून ते त्या नावाने क्लासमध्ये ठेवतो.

आता ‘कार्ड.खाडा(३)’ असा कॉल करू. व्याख्येत पॅरामीटर (किंमत घेणाऱ्या जागा) दोन आहेत आणि कंसात आपण एकच किंमत दिली आहे. उरलेली येते टिंबाच्या डावीकडून: तिथला ऑब्जेक्ट पायथॉन स्वतःहून पहिले आर्ग्युमेंट (कॉलसोबत दिलेली किंमत) म्हणून पाठवतो. म्हणूनच ‘मेसकार्ड.खाडा(कार्ड, ३)’ असे लिहिले तरी परिणाम तोच होतो. मी मुलांना या दोन्ही ओळी चालवून प्रत्येक वेळी मुदत छापायला लावतो. त्यानंतर, व्याख्येत सेल्फ लिहायचे राहिले की ‘एक आर्ग्युमेंट अपेक्षित होते, दोन मिळाली’ अशा अर्थाचा टाइपएरर का येतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

कंस विसरला तर मात्र एररही येत नाही. नुसते ‘कार्ड.खाडा’ लिहिल्यास ऑब्जेक्टशी बांधलेली मेथड हाती येते, ती चालत नाही, आणि मुदत होती तिथेच राहते. रूबी या भाषेत कंसाशिवायही कॉल होतो, त्यामुळे तिकडून आलेल्यांनी इथे विशेष जपावे.

जावा आणि सी प्लस प्लस या भाषांत हाच ऑब्जेक्ट ‘धिस’ या नावाने मेथडला न सांगता मिळतो. पायथॉनने तो उघडपणे लिहायची पद्धत मॉड्युला-३ या भाषेवरून घेतली. शिकवण्याच्या दृष्टीने मला हा उघडेपणा फार मोलाचा वाटतो. ऑस्लोमध्ये डाल आणि न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. पुढे १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा घडली, तिने मेथडच्या कॉलकडे ऑब्जेक्टला पाठवलेला संदेश म्हणून पाहिले. संदेश मिळाल्यावर कोणती मेथड चालवायची, हे तो मिळालेल्या ऑब्जेक्टवरून ठरते.

याचा खरा कस वारशात, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास काढताना, लागतो. समजा, मेसकार्डवरून एकवेळकार्ड हा क्लास काढला आणि त्यात खाडा नव्याने लिहिली: तीन दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर मुदत वाढणार नाही. मूळ मेसकार्डमध्ये सुट्टी_नोंदव ही मेथड आहे आणि ती आतून ‘सेल्फ.खाडा(दिवस)’ असा कॉल करते. एकवेळकार्डाच्या ऑब्जेक्टवर सुट्टी_नोंदव कॉल केल्यास कोणती खाडा चालेल? बरीच मुले मूळ क्लासमधली म्हणतात, कारण कॉलची ओळ तिथेच, तिच्या शेजारी लिहिलेली दिसते. चालते ती एकवेळकार्डातली. ओळ कोणत्याही क्लासमध्ये असो, सेल्फ म्हणजे टिंबाच्या डावीकडून आलेला तोच ऑब्जेक्ट, आणि मेथडचा शोध त्या ऑब्जेक्टच्या क्लासपासून सुरू होतो; तिथे सापडली नाही तरच तो मूळ क्लासकडे जातो. मूळ क्लासमधलीच खाडा हवी असेल, तर एकवेळकार्डाच्या मेथडमधून ‘सुपर().खाडा(दिवस)’ असे स्पष्ट लिहावे लागते.