पार्ट्स कुठून आणता? तुम्ही विचारलंत म्हणून

माझी जुनी गाडी ठाण्यात कुठेही उभी करा, तलावपाळीला, उपवनला, पेट्रोल पंपावर, दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ॲव्हरेज किती देते. तो मी ऐकलाच नाही असं दाखवतो (पाच-सहा देते, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तेवढंही नाही, झालं समाधान?). दुसरा, काका हिचे पार्ट्स कुठून आणता. सिग्नल सुटायच्या आत याचं उत्तर देता येत नाही म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

गाडी डॉज किंग्सवे, 1951ची. आता गंमत बघा, अमेरिकेतल्या पार्ट्सवाल्याला किंग्सवे म्हटलं तर बहुतेकदा त्याला काही बोधच होत नाही, कारण हे नाव कंपनीने परदेशात विकायच्या गाड्यांना दिलं होतं. आतून ती सरळसरळ प्लिमथ (डॉजच्या मालक क्रायस्लर कंपनीचाच दुसरा ब्रँड), पुढे डॉजची जाळी आणि बॉनेटवर डॉजचा मेंढा. आणि आमची तर खोक्यांतून सुटी येऊन कुर्ल्यात जोडली गेली, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, 1944ची कंपनी, पुढे जिने फियाट आणि पद्मिनी काढल्या तीच. म्हणजे लोक ‘अमेरिकन गाडी’ म्हणून जिच्याबरोबर सेल्फी काढतात तिचा जन्म ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासावरचा.

तर उत्तराचा गाभा एवढाच की गाडीच्या नावाने पार्ट शोधायचाच नाही. हा पार्ट अजून कशाकशात बसायचा ते शोधायचं.

इंजिनचंच घ्या. सगळ्यांना वाटतं तेच अवघड असेल, प्रत्यक्षात तेच सगळ्यात सोपं निघालं. क्रायस्लरचं हे सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला असतात, ते फक्त कारपुरतं कधीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातल्या डॉजच्या लष्करी ट्रकांत हेच घराणं, डॉजच्याच पॉवर वॅगन ट्रकमध्ये तेच, फोर्कलिफ्टमध्ये, वेल्डिंग मशीनवर, कापणीच्या यंत्रांवर, आणि कारमधून गेल्यावरही कारखान्यांसाठी ते 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत होतं. माझं 217.8 क्युबिक इंचाचं आणि ट्रकातलं 230चं, दोघांचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) तोच सव्वातीन इंच, फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरखाली किती जातो त्याचा. म्हणून रिंगा, बेरिंग, व्हॉल्व्ह, पॅकिंग सगळं आजही नवं मिळतं. फक्त मागवायच्या आधी टेप घेऊन हेडची लांबी मोजा, कारण या घराण्यात दोन भाऊ आहेत, एक साधारण 23 इंची आणि एक 25 इंची (कॅनडात बनलेली इंजिनं लांबवाली), आणि एकाचं हेड पॅकिंग दुसऱ्याला जन्मात बसत नाही. हलकंफुलकं सामान, कार्ब्युरेटरचं किट वगैरे, न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीला बॅगेतून आणतो आणि जाताना त्याच वजनाच्या चकल्या नेतो. जड सामान कुरियरने, आणि मग भाडं अधिक कस्टम ड्यूटी धरून पार्टची खरी किंमत कळते ती बायकोला सांगायची नसते.

या इंजिनात एक गोष्ट आहे जी आपल्याकडच्या बऱ्याच मेकॅनिकना माहीतच नाही. वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकच्या आत एक लांब चपटी नळी असते, तिला भोकं असतात, रेडिएटरमधून आलेलं गार पाणी ती शेवटच्या सिलिंडरपर्यंत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास पोचवते. मूळची पत्र्याची, त्यामुळे गंजून तिचा चुरा होतो. मग पुढचे सिलिंडर मजेत आणि मागचे भाजून निघतात, आणि मीटरचा काटा सगळं ठीक आहे असं सांगत राहतो. लोक रेडिएटर बदलतात, पंप बदलतात, थर्मोस्टॅट काढून फेकतात, आणि नळी आत तशीच कुजत असते. ती काढायची तर रेडिएटर बाहेर, पंप बाहेर, मग आकडा घालून हळूहळू ओढायची, आणि ती अखंड कधीच येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते. आमची वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांनी पितळेची करून दिली, जुन्या तुकड्यांवरून भोकांची जागा जुळवून. त्यांनी आधी विचारलं, मशीन कुठलं, मी म्हटलं पाण्याचं. गाडीचं नाव सांगितलं नाही. हा माझा नियमच आहे, ‘व्हिंटेज’ शब्द कानावर पडला की भाव तिप्पट.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात पण तसंच. बेरिंगवर नंबर असतो, ऑइल सीलला आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी असते, तेवढं सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. नटबोल्ट सगळे इंची आटय़ांचे, मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे जातो आणि मग ब्लॉकचेच आटे खातो, पण यूएनएफ (बारीक इंची आटे) म्हटलं की तिथला माणूस न बघता डबा काढतो, कारण आपल्या महिंद्राच्या जुन्या जीपलाही तेच लागायचे. आटय़ांवरून आठवलं, डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आटय़ांचे आहेत. कापूरबावडीला पंक्चरवाला पोरगा पान्यावर उभा राहून उड्या मारत होता, मी चहा टाकून धावलो. नशीब, बोल्ट वाचला.

वायरिंग सहा व्होल्टचं आणि त्यात पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली. सगळे सांगतात बारा करून टाका, मी करत नाही. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो म्हणून केबल जाड हवी, एवढं पाळलं आणि अर्थच्या जागा घासून स्वच्छ ठेवल्या की स्टार्टर निमूट फिरतो. बल्ब जुन्या बुलेट आणि जावावाल्या मंडळींकडून मिळतात, त्यांचंही सहा व्होल्टचंच दुखणं. मात्र वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या आताच्या पेट्रोलला टिकतील अशाच घेतो, जुन्या स्टॉकचं सीलबंद पाकीट कितीही मोहात पाडो.

खरा छळ चकचकीत सामानाचा. जाळी, नावाची अक्षरं, हँडल, यातलं बरंचसं जस्ताचं डायकास्टिंग (साच्यात ओतलेलं), त्याला आतून फोड येतात आणि प्लेटिंगवाला हात लावायला तयार नसतो, कारण ॲसिडमध्ये बुडवलं की जस्त विरघळायला लागतं. फोड एकेक कोरून, भरून, आधी तांब्याचा थर चढवून, मग निकेल, मग क्रोम, एवढा वेळ देणारा माणूस शोधणं हेच काम. चोर बाजारात मेंढे पुष्कळ मिळतात, बहुतेक नवे ओतलेले पितळेचे, शिंगांवरची रेघ बघितली की कळतं. दारांच्या काचा सपाट आहेत, त्या कुठलाही चांगला काचवाला कापून देतो. खिडकीचं रबर रबाळेला बनवून मिळालं, पण तिथे कमीत कमी ऑर्डर असते, त्यामुळे आता माझ्याकडे अजून चार किंग्सवेंना पुरेल इतकं रबर माळ्यावर आहे.

डिझेल इंजिन टाकू का असं विचारणारेही भेटतात. मुंबईत अशा कितीतरी गाड्यांची मूळ इंजिनं काढून डिझेल बसवली गेली, त्या काळी पेट्रोल परवडत नव्हतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आज मात्र करू नका. 2021च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला 20,000 रुपये आणि नंबरात व्हीए, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. रोज ऑफिसला मात्र नेता येत नाही.

आणि एक सामान असं आहे जे अमेरिकेत शोधून मिळणारच नाही, कारण तिथे स्टिअरिंग डावीकडे. स्टिअरिंग बॉक्स, पेडलची जोडणी, डॅशबोर्डचा पत्रा, उजव्या बाजूचं हे सगळं फक्त जिथे स्टिअरिंग उजवीकडे असतं तिथलंच. त्यासाठी ऑस्ट्रेलिया गाठायचं, तिथे किंग्सवे याच नावाने विकली जायची आणि नाव सांगितलं की लोकांना लगेच कळतं. माझा स्टिअरिंग बॉक्स तिथल्याच एका शेतकऱ्याच्या शेडमधून निघाला. त्याने पैसे घेतले बॉक्सचे, आणि वर हॉर्नची रिंग फुकट टाकली, जी मी गेली कित्येक वर्षं कुर्ल्यात शोधत होतो.