भुरी आरवते

रेबीजच्या लसीचे दाखले मी रोज लिहिते. विमानाने निघालेल्या लॅब्राडॉरचा फिटनेसचा दाखला लिहिला आहे, मेलेल्या म्हशीचा विम्यासाठीही लिहिला आहे. ‘ही कोंबडी कोंबडीच आहे’ असा दाखला मात्र कोणी मागेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझा दवाखाना नवी मुंबईत, घणसोलीत. सकाळ म्हणजे गोचीड, खाज, पार्व्हो आणि ‘मॅडम, हा दोन दिवस जेवलाच नाही’ म्हणून आणलेले, चिकन बिस्किटांनी फुगलेले पग. त्या गर्दीत एक आजी आणि त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकाच रिक्षातून उतरले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले. आजींच्या बाजाराच्या पिशवीतून एक मान बाहेर आलेली. शेजारच्या बीगलने हुंगायला नाक पुढे केलं, तिने एक टोच दिली, आणि बीगल थेट मालकाच्या मांडीवर.

प्रकरण असं. आजी मूळच्या गावठाणातल्या, आता मुलाच्या फ्लॅटमध्ये तळमजल्यावर. मागच्या मोकळ्या जागेत खुराडं, त्यात तीन गावठी कोंबड्या. तक्रारी झाल्या, मीटिंग झाली, ठराव झाला: कोंबड्या चालतील, कोंबडा नाही. मला तर हा ठराव शहाणपणाचा वाटतो. पार्किंगवरून तरी एवढा समजूतदारपणा कुठे दिसतो? आणि आता त्या तिघींतली भुरी पहाटे पावणेपाचला आरवायला लागली होती.

“आजींनी कोंबडा बदलून आणलाय,” सेक्रेटरी म्हणाले.

“बाय, हिची अंडी खाल्लीत आमी,” आजी म्हणाल्या. “यांच्या घरी पन धारली व्हती.”

सेक्रेटरींनी यावर काही म्हटलं नाही.

मी भुरीला टेबलावर घेतलं. कोंबडी धरायची तर पंख अंगालगत दाबायचे, छाती मोकळी ठेवायची. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती-पोट हलवूनच ते श्वास घेतात. प्रेमाने घट्ट कवटाळली तर ती हातातच गुदमरते. तुरा चांगलाच मोठा आणि लालभडक. पायाला आऱ्या, म्हणजे मागचे टोकदार काटे, फुटू लागलेल्या. मानेवर नवीन आलेली पिसं टोकदार, कोंबड्यासारखी. पण खालची जुनी पिसं अजून गोल टोकाची. ही मुळात कोंबडीच, हा माझा संशय तिथेच पक्का झाला. मग मागच्या बाजूला, गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना हाडाची टोकं लागतात ती चाचपली. अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात. इथे जेमतेम एक. द्वार कोरडं, आवळलेलं.

एक्स-रेमध्ये डाव्या मूत्रपिंडाच्या पुढे एक सावली दिसली, असू नये एवढी मोठी. बहुधा अंडाशयाची गाठ.

कोंबडीत दोन अंडाशयांपैकी सहसा डावंच वाढतं, उजवं नावापुरतं राहतं. डावं बिघडलं की त्याचं इस्ट्रोजेन आटतं, आणि कधी कधी ते उजवं अर्धवट अवयव वृषणासारखं वागायला लागतं. त्याच्या हार्मोनने तुरा वाढतो, आरवण्याचा कंठ फुटतो. पिसांची गोष्ट मला जास्त भावते. कोंबड्याची ती झुपकेदार पिसं नरपणाने येत नाहीत. इस्ट्रोजेन नसलं की येतात. म्हणून खच्ची केलेला कोंबडाही पिसांनी रुबाबदारच राहतो. मादीचं साधेपण हेच तिच्या शरीराने मेहनतीने राखलेलं असतं.

हे आम्हाला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकवलं होतं, पण दोन ओळींत. कोंबड्या आम्ही शिकलो त्या हजारांच्या हिशेबात: लासोटा ही लस कितव्या दिवशी, मर किती टक्के, आणि रोग कळत नसेल तर एक फाडा आणि बाकीच्यांवर उपचार करा. पोल्ट्रीवाल्या एका मित्राला फोन केला, तर तो पहिलं वाक्य तेच बोलला, “फाडून बघ ना.” मी म्हटलं, मालकीण समोर बसली आहे. तो हसला. ज्या पक्ष्याला नाव आहे त्याचं काय करायचं, हे त्याच्या तक्त्यात नाही.

आजींना ऑपरेशनचं सांगितलं, धोकाही सांगितला. त्यांनी मान हलवली. “चालतंय, खातंय. ऱ्हाऊदे.” दुपारी मालिका लागली की भुरी त्यांच्या मांडीवर येऊन बसते, मांजर बाजूला. घरात गोम दिसली की झाडू नाही, भुरीला हाक. गावठाणातल्या बायका सांगून गेल्या होत्या, आरवणारी कोंबडी घरात अपशकुन, कापून टाका. “जमिनी गेल्या तवाच काय तो अपशकुन झाला,” आजी म्हणाल्या. “आता कोंबरी काय करनार?”

पण दाखला? सेक्रेटरींना एक शब्द हवा होता, ‘नर’. आजींनाही एकच, ‘मादी’. पोपट पाळणारे पिसं पाठवून डीएनए तपासणी करतात तशी केली तर मादीच येणार, आणि उद्या पहाटे ती आरवणारच. १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळलं होतं. आपली सोसायटी त्या मानाने सभ्य.

लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासकट लिहिलं: ‘सदर पक्षी जन्माने मादी असून पूर्वी अंडी देत असे. अंडाशयाच्या आजारामुळे नराची लक्षणे दिसत आहेत. आरवणे हे त्यांपैकी एक. पिल्ले होण्याची शक्यता जवळपास नाही.’ सेक्रेटरींनी दोनदा वाचलं. “म्हणजे ठरावात बसते की नाही?” ते माझ्या हातात नाही, म्हटलं.

आवाजासाठी मात्र उपाय सांगितला. आरवायला मान पूर्ण ताणावी लागते, म्हणून रात्री कमी उंचीच्या, हवा खेळती राहील अशा खोक्यात ठेवा. अंधार केला म्हणजे ती गप्प बसेल ही आशा सोडा. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की उजेड नसला तरी कोंबडे आतल्या घड्याळाने पहाट ओळखतात. कोंबडं झाकण्याबद्दल आपल्याकडे म्हण आहेच.

दाखल्यातलं ते पहिलं वाक्य मी अजून मनात खोडते आणि परत लिहिते. ‘जन्माने’ हा शब्द घालायला हवा होता का? ‘मादी आहे’ एवढंच खरं नव्हतं का?

काल सेक्रेटरींचा फोन आला. भुरीला ‘अपवाद’ म्हणून ठेवलं आहे. आता कमिटीचं म्हणणं, आजींच्या बाकीच्या दोघींचेही दाखले आगाऊ देऊन ठेवा, दर वर्षी. फी विचारत होते.