ती रिकामी खुर्ची

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे इंग्रजीच्या बाई उभ्या राहिल्या. शाळेचे उपकार पुष्कळ आहेत, पण मला लिहायचंय ते बाईंबद्दलच.

आम्ही नववी ब. सहामाहीच्या तोंडावर वर्गाचा हजेरीपट हरवला, मॉनिटरवर ठपका आला आणि त्याच्या जागी मला नेमलं. हजेरीपट हरवला नव्हता. प्रयोगशाळेच्या कपाटामागे तो मीच सरकवला होता. त्यानंतर दोघं कुजबुजले तरी वाटायचं, माझ्याबद्दलच बोलताहेत. फळ्यावर मी लिहिलेली नावं रोज वाढत गेली.

त्या वर्षी गॅदरिंगला बाईंनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला मेजवानीचा प्रवेश बसवला. राजाला मारून गादीवर आलेला मॅकबेथ आपला मित्र बँको यालाही मारवतो, आणि मेजवानीत बँकोचं भूत खुर्चीवर येऊन बसतं, तो प्रवेश. आधी त्याचं शिरवाडकरांनी केलेलं मराठी रूपांतर 'राजमुकुट' वाचून दाखवलं, मग मूळ इंग्रजी. मॅकबेथ मला दिला. बँकोच्या भुताला पांढरी चादर पांघरू या, असा आमचा आग्रह. बाई म्हणाल्या, "नको. खुर्ची रिकामीच ठेवा. ती भरलेली फक्त त्यालाच दिसते."

ड्रॉइंग हॉलमध्ये तालीम चालायची. भुताला उद्देशून मॅकबेथ म्हणतो, 'हे मी केलं असं तू म्हणू शकत नाहीस.' त्या वाक्याशी मी दर वेळी अडखळायचो. पाचव्यांदा थांबलो तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं. "अरे, जरा बघ. तू केलंस असं त्याला कुणी म्हटलंय का? पंगतीतल्या कुणाच्या मनातही नाही ते. मग हा कुणाला उत्तर देतोय?"

माझे हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट काढून बाईंसमोर ठेवला. त्यांनी पदराने त्यावरची धूळ पुसली आणि एवढंच म्हणाल्या, "आता त्याला सांगून ये." माझी भूमिका त्यांनी काढून घेतली नाही.

आज मी कॉलेजात हेच नाटक शिकवतो. शेक्सपिअरने इंग्रज इतिहासकार होलिनशेडच्या ज्या बखरीवरून कथा घेतली, तिथे मॅकबेथ गादीवर आल्यावर दहा वर्षं चांगला कारभार करतो. नाटकात ती दहा वर्षं नाहीतच. डंकन राजाचा खून होतो त्याच रात्री मॅकबेथची झोप उडते. पुढे प्रत्येक सरदाराच्या घरात तो आपला पगारी हेर ठेवतो, आणि विरोधात गेलेला सरदार मॅकडफ हाती लागत नाही म्हणून त्याच्या बायकामुलांना मारवतो. हे शिकवताना मला तो फळा आठवतो.

ड्रॉइंग हॉल पाडून तिथे कॉम्प्युटर लॅब झाली, गॅदरिंगमध्ये आता नुसते नाच असतात. फार वाईट वाटतं. शाळेच्या वाचनालयाला मी 'राजमुकुट'च्या दहा प्रती देतोय. नववीच्या एखाद्या तरी वर्गाला त्या मोठ्याने वाचून दाखवा, एवढी विनंती. आणि तो माझा जुना मॉनिटर कार्यक्रमाला येणार आहे. कालच त्याचा फोन आला होता.