कोर्सहून परतले आणि बोळा सापडला

कोर्सहून परतल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी टीमसमोर स्लाइड लावल्या. चौथ्या की पाचव्या स्लाइडला आमचे सर्वांत जुने सहकारी हळूच म्हणाले, "मॅडम, हे किती दिवस चालणार आहे?"

मला वाटलं, सादरीकरणाबद्दल विचारताहेत. "वीस मिनिटांत आटपते," मी म्हणाले.

"तसं नाही," ते म्हणाले आणि वहीत बघायला लागले.

आमचा अकरा जणांचा विभाग कोटेशन करतो. विक्रीकडून एन्क्वायरी येते, आम्ही तांत्रिक बाजू तपासतो, खर्च काढतो, मुदत ठरवतो, मग माझी सही होते आणि कोटेशन ग्राहकाकडे जातं. वरिष्ठ व्यवस्थापकांसाठीच्या दोन आठवड्यांच्या निवासी कोर्सला कंपनीने मला पाठवलं होतं. कोर्स उत्तम होता. रोज दोन-तीन केस, रात्री उशिरापर्यंत गटचर्चा, शिकवणारे एकाहून एक. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला, त्यात मी दहापैकी नऊ दिले. एक गुण कशाचा कापला, ते आता आठवत नाही.

त्याच कोर्समध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्या शिकवल्या होत्या. १९५९ साली त्यांनी त्या मांडल्या: प्रशिक्षण आवडलं का, त्यातून काही कळलं का, वागण्यात फरक पडला का, आणि कामाच्या निकालावर परिणाम झाला का. माझे नऊ गुण पहिल्या पायरीचे होते. तिसऱ्या पायरीचा फॉर्म मला अजून कुणी पाठवलेला नाही. (प्रशिक्षणातलं फक्त दहा टक्केच कामावर उतरतं, हे वाक्य कोर्समध्ये दोघांनी तरी ऐकवलं. या आकड्याचा माग काढत गेलं की १९८२च्या एका लेखातल्या अंदाजापाशी जाऊन पोचतो आपण. त्यामागे पाहणी वगैरे काही नाही. तरी सगळे बिनदिक्कत सांगतात.)

त्या सोमवारी मी एकदम पाच गोष्टी सुरू केल्या. बैठकीचा नवा साचा, रंगीत डॅशबोर्ड, कामांची प्राधान्याची चौकट, अभिप्राय देण्याची पद्धत, आणि पाचवी काय होती ते मलाही शोधावं लागेल. डॅशबोर्ड दोन आठवडे भरला गेला. नंतर एकाने मागच्या आठवड्याचेच आकडे पुन्हा चिकटवले आणि ते कुणाच्या, माझ्याही, लक्षात आलं नाही. अभिप्रायाचं सूत्र असं होतं की आधी प्रसंग सांगायचा, मग समोरच्याचं वागणं, मग त्याचा परिणाम. मी ते एका मुलीवर वापरलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे कोर्समधलं वाक्य आहे ना?" तिथेच ते संपलं. महिन्याभरात सगळं पूर्ववत झालं आणि मी मनातल्या मनात टीमला दोष देऊन मोकळी झाले. यांना बदल नकोच आहे, वगैरे.

साहेबांनी परतल्यावर कॉरिडॉरमध्ये विचारलं होतं, "कसा झाला कोर्स?" मी तोंड उघडेपर्यंत ते लिफ्टमध्ये शिरले होते.

दीड महिन्याने एका मोठ्या ग्राहकाने उशिराची तक्रार केली, तेव्हा मी कोर्सची वही पुन्हा उघडली. नवं काही शोधायला नव्हे. बैठकीत काहीतरी बोलावं लागणार होतं म्हणून. एका पानावर फक्त एक ओळ होती: हातातली कामं = रोज येणारी कामं × एका कामाला लागणारे दिवस. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो गणिताने सिद्ध केला. वर्गात काउंटरसमोरच्या रांगेचं उदाहरण देऊन पाच मिनिटांत उरकला होता, आणि इतकं सोपं आहे तर यात शिकण्यासारखं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मोजायला बसले. हा नियम दीर्घकाळच्या सरासरीवर चालतो, एका दिवसाच्या आकड्यावर विसंबून उपयोग नाही. म्हणून तीन आठवडे रोज संध्याकाळी पाचला हातातली कोटेशन मोजली. सरासरी ८४ निघाली. रोज साधारण ७ नवी येत होती आणि ७ बाहेर पडत होती. ८४ भागिले ७, म्हणजे १२ दिवस. आम्ही ग्राहकाला सांगत होतो चार! कुणी कितीही धावपळ केली, तरी ८४ कामं हातात असताना आणि रोज ७ सुटत असताना सरासरी बारा दिवसच लागणार. मी मात्र दर शुक्रवारी टीमला म्हणत होते की जरा वेग वाढवा.

मग ती ८४ पडलीत कुठे, ते बघितलं. खर्चाच्या टेबलावर १९. तांत्रिक तपासणीत २२. ग्राहकाकडून माहिती यायची होती अशी १२. उरलेली ३१ माझ्या सहीसाठी थांबलेली.

बोळा निघाला की पाणी वाहतं होतं म्हणतात. आमच्याकडे बोळा मीच होते.

हे कळल्यावर लगेच सह्या वाटून टाकल्या, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. आधी दहा दिवस मी रात्री बसून सह्या उपसल्या, आकडा ३१वरून ९वर आणला आणि स्वतःवर खूश झाले. पुढच्या महिन्यात तो पुन्हा २७ झाला.

तेव्हा दुसरी एक गोष्ट उपयोगी पडली, जी वर्गात मी चक्क उडवाउडवी करून केली होती. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांचा दोन रकान्यांचा सराव. कागदाच्या उजवीकडे प्रत्यक्ष झालेलं संभाषण लिहायचं, डावीकडे त्या वेळी मनात आलेलं पण न बोललेलं. वर्गात मी कुणाला दाखवलं तरी चालेल असं गुळगुळीत काहीतरी लिहिलं होतं. आता घरी खरं लिहिलं, त्याच जुन्या सहकाऱ्यांशी झालेलं.

उजवीकडे: "तुम्ही एकदा बघून घ्या, मग मी सही करते."

डावीकडे: "माझ्या नजरेखालून गेलं नाही तर चूक राहणार. राहिली तर साहेब मलाच विचारणार. आणि सहीच माझी नसेल, तर मग मी इथे करते काय?"

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं. सराव, रकाने, आर्गिरिस यांतलं काहीही बोलले नाही. सरळ विचारलं, माझ्याकडे फाइल येण्याआधी तुम्ही ती किती बारकाईने बघता? त्यांनी थोडा वेळ घेतला. "खरं सांगू का मॅडम? तुम्ही बघणारच असता, म्हणून आम्ही फारसं बघत नाही."

आणि त्यांनी बघितलं असणार, म्हणून मीही शेवटी शेवटी नुसती पानं उलटत होते. म्हणजे दोन तपासण्या मिळून धड एकही होत नव्हती.

मग साहेबांकडे वीस मिनिटं मागितली. कोर्सचा गोषवारा नेला नाही. ८४, ७ आणि ३१ हे तीन आकडे आणि एक मागणी घेऊन गेले. ठरावीक मर्यादेच्या आतली कोटेशन दोन ज्येष्ठ सहकारी आपल्या सहीने सोडतील, यासाठी साहेबांचं लेखी पत्र हवं होतं. "चूक झाली तर?" त्यांनी विचारलं. "जबाबदारी माझीच." "मग तीन महिने करून बघा." बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ साली शिकलेलं कामावर उतरण्याबद्दलच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात शिकणारा आणि प्रशिक्षणाची रचना यांच्या जोडीने कामाचं वातावरण, वरिष्ठांचा पाठिंबा हा घटक मांडला आहे. तो पाठिंबा म्हणजे पाठीवरची थाप असं मी समजत होते. मला लागलं ते एक पत्र. कोर्सला निघण्याआधीच साहेबांशी ही वीस मिनिटं बोलले असते तर तीन महिने वाचले असते.

दुसरा बदल भांडणाचा ठरला. हातात ४० कोटेशन असतील तर नवं सुरू करायचं नाही. एक बाहेर पडलं की एक आत. विक्रीचे लोक चिडले. त्यांच्यातल्या एकाने मुद्दा अचूक पकडला: "तुमची रांग कमी झाली नाही, आमच्या खोलीत सरकली." बरोबरच होतं. पण आधी ते हाताला लागेल ती एन्क्वायरी आमच्याकडे ढकलत; आता आधी कोणती पाठवायची हे त्यांना ठरवावं लागायला लागलं. काही एन्क्वायरी त्यांनीच बाजूला काढल्या, कारण ग्राहक नुसता भाव काढत होता हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. चार महिन्यांनी आमच्या हातात सरासरी ३६ आणि रोज बाहेर ८, म्हणजे साडेचार दिवस. विक्रीकडे एन्क्वायरी आल्यापासून मोजलं तर साडेसहा. मी साहेबांना दुसरा आकडा सांगते. पहिला सांगण्याचा मोह होतो.

मोठ्या टेंडरसाठी आणखी एक गोष्ट वापरली. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ साली एका लेखात मांडलेली प्रीमॉर्टेमची पद्धत. तो शब्द टीमसमोर उच्चारला नाही. टेंडर जायच्या आठवडाभर आधी म्हणाले, "समजा, हे टेंडर आपल्या हातून गेलंय. का गेलं? दोन मिनिटं, प्रत्येकाने कागदावर लिहा." सर्वांत नव्या मुलीच्या कागदावर होतं: चाचणी प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कपाटातून काढून बघितलं, तर खरोखरच संपत आली होती. टेंडर उघडायच्या दिवशी ते बाद ठरलं असतं. तिला हे तीन आठवड्यांपूर्वीच दिसलं होतं. बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, "सगळे म्हणत होते तयारी झाली, मग मीच कशाला?" आता टीम त्याला 'जिवंतपणीचं पोस्टमॉर्टेम' म्हणते आणि माझी वाट न बघता उरकून टाकते.

कोर्समधल्या आम्ही सहा जणांनी दर महिन्याला फोनवर बोलायचं ठरवलं होतं. तिसऱ्या महिन्यापासून दोघीच उरलो. ती दर वेळी एकच विचारते, "या महिन्यात काय केलंस?" एकदा सांगायला काहीच नसेल म्हणून आदल्या दिवशी घाईघाईने काहीतरी केलं. तेही चालतं.

तीन महिन्यांची मुदत साहेबांनी पुढे वाढवली. मध्ये एक चूक झाली, माल देण्याची मुदत चुकीची पडली. ज्यांच्या सहीने ते गेलं होतं त्यांनी ग्राहकाला स्वतः फोन करून निस्तरलं आणि मग मला सांगितलं. मागच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, तर माझ्याकडे अकरा फाइली थांबलेल्या. त्यांतल्या चार मर्यादेच्या आतल्या होत्या, माझ्याकडे यायलाच नको होत्या. कुणी पाठवल्या म्हणून चौकशी केली नाही. मीच मागवून घेतल्या होत्या.