पास्काची मेणबत्ती

शाळेत गुड फ्रायडेची सुट्टी सगळ्या वर्गाला मिळायची. ईस्टर, म्हणजे ख्रिस्त मरणातून उठल्याचा सण, रविवारीच येतो, त्यामुळे तो बहुतेकांच्या लक्षातही यायचा नाही. नाताळ मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. खरं तर ख्रिस्ती श्रद्धेचा सर्वांत मोठा सण ईस्टर. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असं संत पौलाने करिंथकरांना स्पष्टच लिहिलं आहे. धर्मग्रामात (आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये) वेदीसेवकांना, म्हणजे विधीत धर्मगुरूंना मदत करणाऱ्या मुलांना, ईस्टरच्या आदल्या रात्रीची तयारी शिकवतो, म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात जुन्या सोबत्यांसाठी तिच्याविषयीच लिहितो.

आधी तारीख. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही. आपल्या पंचांगात पाहिलं तर होळी किंवा हनुमान जयंतीच्या मागोमागचा रविवार. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली धरतात, आकाशातली नव्हे. म्हणून २०१९ मध्ये २१ मार्चला पौर्णिमा असूनही ईस्टर २१ एप्रिलला आला.

सणाचा गाभा शनिवारच्या रात्री आहे. पूर्वी हा विधी शनिवारी सकाळीच उरकत असत. उजेडात प्रकाशाचा सोहळा! पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो पुन्हा रात्री आणला. अंधार पडल्याशिवाय सुरू करायचा नाही आणि उजाडण्याआधी संपवायचा, हा नियम.

चर्चचे सगळे दिवे बंद असतात. बाहेर अग्नी पेटतो. लाकूड सुकं हवं, नाहीतर धूर होतो आणि मग कोणीतरी रॉकेल ओततं. धूपदाणीतले निखारे याच अग्नीतून चिमट्याने घ्यायचे असतात, म्हणून जाळ पंधरा-वीस मिनिटं आधी लावलेला बरा.

मग पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती. ती खऱ्या मेणाची, दरवर्षी नवी आणि एकच. धर्मगुरू तिच्यावर टोच्याने क्रूस कोरतात. वर अल्फा, खाली ओमेगा, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. क्रूसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार अंक. मग धुपाचे पाच दाणे, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी. मेण कडक असलं की दाणा दाबताना कपचा उडतो. भोकं आदल्या दिवशी गरम सळईने पाडून ठेवावीत. नवी वातही घट्ट असते, वाऱ्यावर पटकन धरत नाही. ती आधी एकदा पेटवून विझवून ठेवायची.

मिरवणूक तीनदा थांबते: दारात, मध्यावर, वेदीपाशी. दर वेळी ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ आणि लोकांचं उत्तर ‘देवाला धन्यवाद’. दुसऱ्या थांब्यानंतर ज्योत हातोहात पसरते. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिच्याकडे कलती करायची. उलट केलं की गरम मेण शेजाऱ्याच्या हातावर पडतं; कागदी टोपी याचसाठी. काही मिनिटांत काळोखं चर्च चेहऱ्यांनी भरून जातं. कबर रिकामी आहे, हे सांगायला याहून थेट भाषा मला तरी माहीत नाही.

पुढे जुन्या करारातली सात वाचनं असतात. सोयीसाठी कमी केली तरी तीन हवीतच, आणि इस्राएल लोकांनी समुद्र पार केल्याचं वाचन कधीच गाळत नाहीत, कारण पास्का म्हणजे मुळात ओलांडणं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीपासून, थांबलेला ‘आलेलूया’ हा स्तुतीचा घोष मग तीनदा, दर वेळी स्वर चढवत, गायला जातो. पाणी आशीर्वादित करताना मेणबत्ती पाण्यात बुडवता येते. एकदा किंवा तीनदा.

पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे पन्नास दिवस, मेणबत्ती वेदीजवळ असते. नंतर बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी. वर्षभर बाळांच्या मेणबत्त्या तिच्यावरूनच पेटतात, आणि अंत्यविधीला शवपेटीजवळही हीच लावतात.