आमची वाटचाल : अनोळखी कारागिरांचे चाकू

थंडीत संत्र्याचे डोळे भरायचा, म्हणजे कलमं करायचा हंगाम लागला की वरूड तालुक्यातल्या रोपवाटिकांमध्ये उजाडायच्या आत माणसं कामाला लागलेली असतात. शेंदुरजनाघाटची रोपं पार राज्याबाहेर जातात. या कामाचा चाकू खिशात मावणारा, मिटणारा आणि बहुतेक वेळा एकाच पात्याचा असतो. त्याला धार लावून देणं हा आमचा मूळ धंदा. बाबांनी तो आठवडी बाजारात, पायानं फिरवायच्या दगडावर सुरू केला. विळे, कुऱ्हाडी, अडकित्ते, कात्र्या, सगळंच यायचं. पण कलमाचा चाकू आला की बाबा बाकीचं बाजूला ठेवायचे.

त्याला कारण होतं. जंबेरीचा, म्हणजे ज्यावर कलम करतात त्या रानटी लिंबाचा खुंट पेन्सिलीएवढा झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला टी आकाराचा काप द्यायचा, साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची आणि चांगल्या मातृवृक्षाचा डोळा आत सरकवून पट्टी बांधायची. काप सालीपुरताच हवा. पातं बोथट असेल तर साल चिरडते, डोळा काळा पडतो आणि शेतकऱ्याचं वर्ष वाया जातं. म्हणून जुने कारागीर आपला चाकू दुसऱ्याच्या हाती देत नसत. धार लागेपर्यंत समोर उकिडवे बसून राहायचे.

बाबांच्या मागे मी बाजारातली जागा सोडून रस्त्यालगत दुकान घातलं आणि नवे चाकू, छाटणीच्या कात्र्या, करवती ठेवायला लागलो. न गंजणाऱ्या पात्यांचे स्वस्त चाकू आले तसे लोक घरातले जुने चाकू आणून टाकायला लागले. एक आजोबा म्हणाले, "माह्या बापानं यानं डोळे भरले, आता पोरं हात नाही लावत. घेऊन जाय भाऊ, भंगारातच जाईन." भंगारात मी तो जाऊ दिला नाही. पातं झिजून निम्मं उरलं होतं, तरी उघडताना पाठीची स्प्रिंग असा खणखणीत टक आवाज करायची की नव्या मालात तो ऐकायला मिळत नाही. पात्याच्या बुडाशी ठसा होता, पण ते नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. आमच्या संग्रहाची आणि पुढच्या सगळ्या धंद्याची सुरुवात तिथून झाली.

हे चाकू इकडे आले ते कापसाच्या वाटेनं. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट अशा कंपन्या वऱ्हाडचा कापूस घ्यायच्या, गठाणी मुंबई बंदरातून बाहेर जायच्या आणि त्याच बंदरातून इंग्लंडातल्या शेफील्डचं आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचं लोखंडी सामान आत यायचं. देशी मालही होताच. रामपूर, कच्छातलं अंजार, बर्दवानजवळचं कांचननगर, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेलं वजीराबाद, ही सगळी चाकू-कात्र्यांची गावं. आमच्या कपाटात गुजराती अक्षरांचा ठसा असलेले चाकू आहेत आणि काही ठसाच नसलेलेही आहेत.

संग्राहक बहुतेक शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कंपनीच्या चाकूंमागे असतात. त्यांची तारा आणि क्रॉसची खूण भारतात इतकी चालली की तिच्या नकलाही भरपूर झाल्या. त्यांचं काम उत्तम होतं, यात वाद नाही. पण शेफील्डचा धंदा चालायचा कसा ते पाहिलं की फक्त नावावरून किंमत ठरवणं मला पटत नाही. तिथे १६२४ पासून चाकूवाल्यांची अधिकृत संस्था होती आणि तिच्या छत्राखाली, पुढे तिच्या बाहेरही, शेकडो छोटे कारागीर भाड्यानं जागा घेऊन स्वतःच्या हिमतीवर काम करायचे. त्यांना तिकडे 'लिटल मेस्टर' म्हणत. एक पातं ठोकायचा, दुसरा घासायचा, तिसरा मूठ बसवायचा. मोठ्या कंपन्या यांच्याकडून माल करून घ्यायच्या आणि वर आपला ठसा मारायच्या. झोलिंगेनलाही वुपर नदीच्या काठी घासणारे कारागीर असेच विखुरलेले होते. म्हणजे नामांकित चाकूमागेही पुष्कळदा अनोळखी हातच असतो. ज्यानं आपल्याच बारक्या ठशाखाली तेवढंच नेटकं काम केलं, त्याचा चाकू किलोच्या भावात का जावा?

बागकामाच्या चाकूंचंही तसंच. शेफील्डच्या 'सेनॉर, कुक अँड रिडाल' या कंपनीचे कलमाचे चाकू माळ्यांमध्ये नावाजलेले होते. खिशातले शोभिवंत चाकू जमवणाऱ्यांना मात्र हे नाव क्वचितच माहीत असतं.

आमच्या दुकानाचं खरं भांडवल म्हणजे नोंदवही. ती माझी पत्नी ठेवते. प्रत्येक चाकूच्या ठशाचा फोटो, पात्याची लांबी, मूठ कशाची, कुठल्या गावातून आला आणि त्यानं काय काम केलं, हे सगळं त्यात असतं. पानमळ्यातला, कापसाच्या दलालाचा, शाळामास्तरांच्या बोरूचा, असा शेरा प्रत्येकापुढे असतो. कारागीर सापडला नाही तर 'अज्ञात' लिहितो आणि विकतानाही तेच सांगतो. अंदाजानं एखादं मोठं नाव चिकटवलं तर गिऱ्हाईक जास्त पैसे देईल, हे आम्हाला कळतं. पण मग ज्यानं तो केला त्याचं अस्तित्वच पुसलं जातं, आणि ते आम्हाला मान्य नाही.

काळ ठरवायला काही पक्के धागे मिळतात. ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, 'मेड इन जर्मनी' तिथून आलं. अमेरिकेत तसा नियम १८९० च्या जकात कायद्यानं झाला. पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर तो चाकू १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रेअर्लीनं शेफील्डला ते पोलाद केलं त्याच वर्षी. झोलिंगेनच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं १९३८ मध्ये.

दुरुस्तीचं काम वाढलं ते पुण्या-मुंबईचे संग्राहक पार्सलनं चाकू पाठवायला लागल्यावर. आमच्याकडचे लोहारकाका रिबीट काढून स्प्रिंग बसवतात, ते काम बघत राहावं असं असतं. पातं ग्राइंडरला आम्ही लावत नाही. ते तापून निळं पडलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा उतरला, मग ती धार कधीच टिकत नाही. जुन्या पोलादावर संत्र्या-लिंबाच्या रसानं चढलेला काळपट रंग तसाच ठेवतो, तो गंज रोखतो. लाल गंज तेवढा काढतो. बफिंगनं चकचकीत केलेल्या चाकूचा ठसा निम्मा पुसलेला असतो, आणि ठसा गेला की ओळख पटवायचा शेवटचा आधारही गेला.

आमच्याकडचा उन्हाळा या वस्तूंचा शत्रू आहे. मे महिन्यात हाडाच्या आणि लाकडाच्या मुठी तडकतात. लाकडाला जवसाचं तेल उत्तम, पण सांध्यात ते कधी घालू नये, वाळून घट्ट होतं. सांध्यात शिलाई मशीनचं तेल घालायचं. सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या रंगीत मुठीचे चाकू वेगळ्या खणात, हवा खेळेल असे ठेवतो. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शेजारचे चाकूही गंजतात. चामड्याच्या म्यानातही ठेवू नये.

दोन बाबतींत आम्ही ठाम आहोत, आणि त्यामागचे वन्यजीवांचा व पुरातन वस्तूंचा हे दोन्ही कायदे १९७२ चेच. सांबरशिंग किंवा हस्तिदंताच्या मुठीचा चाकू आम्ही घेत नाही, विकतही नाही. मेळघाट इथून लांब नाही, शिंगाला गिऱ्हाईक मिळालं तर जंगलात काय होईल ते सांगायला नको. आणि शंभर वर्षांपलीकडच्या पुरातन वस्तू विकायला परवाना लागतो, म्हणून तेवढे जुने वाटणारे चाकू आमच्या कपाटात फक्त बघायला आहेत. कृषी महाविद्यालयाची पोरं येतात तेव्हा तेच हातात देऊन डोळा भरायचा चाकू कसा बदलत गेला ते दाखवतो.

आज दुकानाचं पोट नव्या चाकूंवर आणि धारेवर चालतं. जुन्या चाकूंच्या दुरुस्तीतून लोहारकाकांचा पगार निघतो. पत्नीची नोंदवही आता मुलगी संगणकावर चढवते आहे, म्हणजे एकसारखे ठसे शेजारी शेजारी लावून पाहता येतील. अचलपूर, मोर्शी, काटोल भागातले देशी ठसे अजून फार कमी आहेत. कुणाच्या घरी फडताळात असा चाकू असेल तर फोटो काढून आणला तरी चालेल, विकायलाच हवा असं नाही. फक्त आणण्याआधी त्याला पॉलिश पेपर मारू नका, आणि तो कुणी, कुठल्या कामाला वापरला तेवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या.